दहावी ‘ब’चा मासा

मराठी शिकवणाऱ्या बाईच्या गळ्यात शाळेतलं जे जे म्हणून सांस्कृतिक असतं ते पडतं. गॅदरिंग, भित्तिपत्रक, हस्तलिखित, पाहुण्यांचं स्वागतगीत आणि निरोप समारंभात सगळ्यांच्या आधी रडणं. मला हे सगळं मनापासून आवडतं. खोटं कशाला सांगू, शिकवण्यापेक्षाही जास्त आवडतं.

आमची शाळा थेरगावातली, सरकारी. पोरांचे आईबाप चाकणला नाहीतर भोसरीला कंपन्यांत. पालकसभा सकाळी ठेवली तर सेकंड शिफ्टवाले येतात, संध्याकाळी ठेवली तर फर्स्टवाले, आणि थर्डवाले दोन्ही वेळा येतात पण झोपतात. कंपनी घरात येते तशी ती वर्गातही येते. वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की मागच्या बाकावरून ‘रिजेक्ट’ असा आवाज येतो.

कलेचंही आमच्याकडे छान चाललंय. चित्रकलेच्या परीक्षेमुळे दहावीत मार्क वाढतात हे कळल्यापासून पोरांना निसर्गाची फार ओढ लागली आहे. डोंगर, झोपडी, नारळाची दोन झाडं. एका पालकांनी मला विचारलं, “बाई, कवितेचे किती वाढतात?” काहीच वाढत नाहीत म्हटल्यावर त्यांचा मुलगा कवी होता होता वाचला.

जिन्याखाली एक हिरवा बोर्ड आहे. दर पंधरवड्याला त्यावर भित्तिपत्रक लागतं आणि ते कुणी वाचत नाही. वर सुविचार, मध्ये सूर्योदय, खाली ‘पाणी वाचवा’. पत्रकाची संपादक दहावी ‘ब’मधली एक मुलगी होती. लातूरकडचं कुटुंब, आई चाकणला एका कंपनीत लाईनवर. मुलगी काटकुळी, दोन वेण्या, आणि हसण्याच्या बाबतीत कमालीची कंजूष. मी वर्गात नकला केल्या की सगळा वर्ग लोळायचा आणि ही माझ्याकडे बसची वाट बघणाऱ्या माणसासारखी बघायची.

तिला डिप्लोमाला जायचं होतं, मेकॅनिकलला. कारण तिने मला एकदा सांगितलं होतं. आईच्या लाईनवर मशीन बंद पडलं की एक मॅडम येतात. त्या येईपर्यंत सगळे हातावर हात ठेवून बसतात, सुपरवायझरसुद्धा. त्या मॅडम डिप्लोमावाल्या. हिला ती मॅडम व्हायचं होतं. आणि तिथवर जायचा रस्ता गणितातून जात होता.

गणित दिवाळीपासून बंद पडलं होतं.

गणिताचे सर आमच्या शाळेतले सगळ्यात गरीब स्वभावाचे. बोलणं जवळजवळ नाहीच. फळ्यावर लिहीत जायचे, पोरं समजत जायची. वरून आदेश आला की ‘एक शिक्षक पाठवा’, हेडसर नुसते स्टाफरूमच्या दारात उभे राहायचे आणि गणिताचे सर पिशवी उचलायचे. या वेळी काम मतदार यादीचं होतं. घरोघरी जायचं, कोण राहतं, कोण सोडून गेलं, कोण वारलं, सगळं लिहून आणायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर सर गेले ते गेलेच. दहावी ‘ब’चा गणिताचा तास ऑफ पडला आणि ऑफ तासावर बहुतेक वेळा मी.

मला गणितातलं काय येतं? मी भेंड्या घेतल्या. मग गॅदरिंगच्या नाटकाची तालीम घेतली, त्यात सगळ्या भूमिका मीच करून दाखवल्या, म्हातारीपासून इन्स्पेक्टरपर्यंत. वर्ग खूश. संपादक सोडून.

“बाई, वर्गसमीकरणं कधी व्हायची?”

“सर आले की.”

“सर कधी यायलेत?”

“यादी झाली की.”

“यादी कधी होणार?”

“थेरगावातली माणसं घरं बदलायची थांबली की,” मी म्हटलं. वर्ग हसला. ती नाही.

“मग प्रिलिमला काय लिहू बाई? म वरून गाणं?”

यावर वर्ग जास्त हसला, जे मला तितकंसं आवडलं नाही. तास सुटताना ती टेबलाशी आली. “या वेळच्या पत्रकाचा विषय मी ठरवू का?” मी म्हटलं, ठरव बाई, सूर्योदयाचा मलाही कंटाळा आलाय.

शुक्रवारी तिने कागद उलगडला तर त्यावर मासा. कंपनीत माल बिघडला की असा मासा काढतात, ती म्हणाली. मासा म्हणजे त्याचा सांगाडा. डोक्यात काय बिघडलं ते लिहायचं आणि एकेका काट्यावर एकेक कारण: माणूस, मशीन, माल, पद्धत. मग खाली ‘का?’ असं पाच वेळा विचारायचं. एकदा विचारलं तर वरवरचं उत्तर मिळतं, पाचव्यांदा खरं निघतं. अर्ध्या वर्गाला हे ठाऊक होतं. एकजण म्हणाला, “आमच्या बाबांनी घरी काढला होता. दूध का उतू गेलं. त्यात आईची चूक निघाली. मग आईने दुसरा काढला.”

चित्र काढणारा मुलगा रत्नागिरीकडचा. कंपनीतला मासा म्हणजे नुसत्या पाच-सहा रेघा असतात हे त्याला पटलं नव्हतं. “नाय हो बाई, असा मासा नसतो. हा बांगडा आहे.” आणि खरंच, पाठीवर निळ्या लाटा, पोटाला चंदेरी चमक, आणि त्यातून काटे असे काही रेखले होते की बघताना भूक लागावी. चित्रकलेच्या परीक्षेत असलं काही काढायची सोय नाही हे त्याचं दुर्दैव.

डोक्यात लिहिलं होतं: दहावी ‘ब’, गणितात मार्क नाहीत. काट्यांवर: माणूस – सर नाहीत. मशीन – देणगीत मिळालेला प्रोजेक्टर कपाटात, कपाटाची किल्ली नाही. माल – पुस्तकं आहेत, ठीक. आणि चौथ्या काट्यावर, सुंदर वळणदार अक्षरात: पद्धत – गणिताच्या तासाला भेंड्या.

“हे शेवटचं,” मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, “जरा काढू या का?”

“खोटं आहे का बाई?”

“खोटं नाही गं. पण वाईट दिसतं.”

“आपण नाव कुठं लिहिलंय?”

“या शाळेत भेंड्या घेणारं दुसरं कोण आहे?”

“तेच म्हणायले मी. नाव लिहायची गरजच न्हाई.”

मी ते तसंच राहू दिलं. पोरगी मुद्देसूद लिहिते ही माझ्याच शिकवण्याची करामत, अशी मी मनाची समजूत घातली.

खाली ‘का?’ची उतरंड होती. मार्क का नाहीत? धडा पुढे गेला नाही. का? सर वर्गात नाहीत. का? सरांना बाहेरच्या कामाला पाठवलं. का? प्रत्येक वेळी त्यांनाच पाठवतात. का? आणि पुढे कोरी जागा.

“पाचवं राहिलं तुझं.”

“माहीत न्हाई आम्हाला. माहीत नसलं तर मोकळं सोडायचं, आई म्हणती. खोटं भरलं की ऑडिटला सापडतं.”

भित्तिपत्रक लावण्याआधी हेडसरांची सही लागते, हा आमच्याकडचा रिवाज. हेडसर इथल्याच जुन्या गावातले, पिढीजात. शेतात आता बारा मजले उभे आहेत, पण बोली अजून बांधावरच आहे. ते पत्रक वाचत नाहीत, बघतात. त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

“बांगडा का?”

“हो सर.”

“झ्याक काढलाय. सायन्सचा हाय व्हय?”

“अभ्यासाचाच आहे सर.”

त्यांनी सही केली. मी कागद इतक्या अदबीने उचलला की त्यांना संशय यायला हवा होता.

सोमवारी मासा बोर्डावर लागला. मंगळवारी नेहमीप्रमाणे कुणी वाचला नाही. बुधवारी एका कंपनीकडून शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र मिळणार होतं, त्याचा कार्यक्रम. लेझीम, स्वागतगीत, पाहुण्यांना तुळशीची कुंडी. पाहुणे कंपनीच्या क्वालिटी विभागातले, गोल गरगरीत, इस्त्रीचा शर्ट आणि पायात मात्र कारखान्यात घालायचे लोखंडी टोकाचे बूट. सोबत एक फोटोग्राफर. भाषण झालं, फीत कापली, सगळ्यांनी शुद्ध पाणी अशुद्ध पेल्यांतून प्यालं. चहाला जाताना पाहुणे जिन्यापाशी आले आणि जागीच थांबले.

“हे कुणी केलं?”

“आमच्या पोरांनी,” हेडसर कौतुकाने म्हणाले. “बांगडा हाय.”

पाहुणे वाचायला लागले. त्यांच्या खांद्यावरून हेडसरही वाचायला लागले, पहिल्यांदाच. मी मागे उभी राहून लेझीमची पोरं आधीच सरळ उभी होती ती आणखी सरळ उभी करत होते.

“पाचवा ‘का’ मोकळा कसा?” पाहुण्यांनी विचारलं.

संपादक पुढे झाली. “आमच्याकडे डेटा न्हाई सर.”

“मग ज्याच्याकडे आहे त्याला विचारायचं.” ते हेडसरांकडे वळले. आवाजात राग नाही, कुचकेपणा नाही, डबा आणलाय का असं विचारावं तसा सूर. “साहेब, प्रत्येक वेळी त्यांनाच का पाठवता?”

हेडसरांनी घसा खाकरला. जिन्याकडे बघितलं. शेवटी खरं बोलले, कारण दुसरं काही सुचलं नाही.

“त्ये न्हाई म्हणत न्हाईत.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे म्हणत्यात.”

विज्ञानाच्या मॅडम नव्या यंत्राच्या तोटीकडे बघू लागल्या. खेळाचे सर आभाळाकडे. मी निऱ्या नीट केल्या, ज्या उत्तम होत्या.

पाहुण्यांनी खिशातून पेन काढलं आणि पाचव्या ‘का’पुढे लिहिलं: ते नाही म्हणत नाहीत. तेवढ्यावर थांबतील तर शपथ. त्यांनी खाली तीन चौकोन आखले: काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत. शाळेत आलोय, समोर मुख्याध्यापक आहेत, हातात तुळशीची कुंडी आहे, हे सगळं ते विसरले होते. ते आपल्या कंपनीत, मशीनच्या लाईनपाशी उभे होते.

“एवढं भरून टाकू साहेब,” ते पेन पुढे करत म्हणाले. “हे मोकळं सोडून गेलो तर मला जेवण जात नाही.”

पाहुण्यांना नाही म्हणायची हेडसरांच्या गावात पद्धत नाही. त्यांनी लिहिलं: गणिताचे सर वर्गात परत. मग स्वतःचं पद. मग पुढचा सोमवार. फोटोग्राफरने पटापट फोटो काढले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ग्रुपवर यंत्राचा फोटो नव्हताच. फोटो होता चौकोन भरणाऱ्या मुख्याध्यापकांचा, शेजारी काटकुळी मुलगी, मागे बांगडा. आणि पाहुणे जाताना म्हणाले होते, “सोमवारी फोन करतो. पॉइंट बंद झाला का, म्हणजे काम झालं का, ते विचारायला.”

पाहुणे गेले त्याच दुपारी मला बोलावणं आलं.

“बाई, मासा अभ्यासाचा हुता व्हय?”

“होता की सर.”

“सायन्सचा म्हनला हुता.”

“ते तुम्ही म्हणालात सर.”

ते खुर्चीत मागे रेलले. “वर एक मानूस द्यावाच लागतो. गणित परत आणलं तर बदली कोन?”

“खेळाचे सर?”

“त्यांचा गुडघा.”

“विज्ञानाच्या मॅडम?”

“प्रॅक्टिकल हायेत.” हेडसरांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरत गेलं. असं समाधान मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

“सर, माझं गॅदरिंग—”

“मराठी काय, पोरं आईच्या पोटातनंच शिकून येत्यात.”

सोमवारी गणिताचे सर वर्गात आणि मी रस्त्यावर. आता मी घरोघरी बेल वाजवत होते. लोकांना मी कधी साबण विकणारी वाटायचे, कधी लग्न जुळवणारी. एका आजींनी मला आत बसवून सुनेच्या तक्रारी सांगितल्या आणि यादीतून तिचं नाव काढता येईल का असं विचारलं. मला हे काम आवडू लागलं होतं, हे मी हेडसरांना अजून सांगितलेलं नाही.

गॅदरिंग गणिताच्या सरांकडे गेलं. त्यांनी माझ्या नाटकातले सगळे संवाद काढून टाकले. सात मिनिटांचं मूकनाट्य झालं. म्हणे टाळ्या थांबत नव्हत्या. मी त्याबद्दल फार विचार करत नाही.

प्रिलिमच्या आधीच्या आठवड्यात मी काही कागद द्यायला शाळेत आले तेव्हा व्हरांड्यात दहावी ‘ब’च्या खिडकीशी थांबले. संपादक फळ्यापाशी होती. वर्गसमीकरण. सर मागच्या बाकावर बसले होते, हाताची घडी घालून, तोंडातून शब्द नाही. तिने अर्धं सोडवलं, अडली, डस्टरने पुसलं, पुन्हा सुरू केलं. सर उठले नाहीत. वर्गात एवढी शांतता मी माझ्या कुठल्याही तासाला ऐकलेली नव्हती. शेवटी उत्तरं आली, तीन आणि चार. मग तिने तीन पुन्हा समीकरणात घालून बघितला, शून्य आलं. चार घालून बघितला, शून्य आलं. एका प्रश्नाची दोन्ही उत्तरं बरोबर, हे आमच्या स्टाफरूममध्ये आजवर घडलेलं नाही.

“बरोबर,” सर मागून म्हणाले.

ती हसली. पूर्ण हसली, दात दिसेपर्यंत, आणि त्यासाठी मी कुणाचीही नक्कल केली नव्हती. तेवढ्यात तिला खिडकीत मी दिसले. मला वाटलं, ती बाहेर येईल, चार शब्द बोलेल. तिने खडू धरलेल्या हातानेच मला पुढे व्हा अशी खूण केली आणि सरांनी सांगितलेलं पुढचं गणित फळ्यावर उतरवायला घेतलं.

मी पुढे झाले. एका सोसायटीचे तीन मजले अजून शिल्लक होते आणि तिथली लिफ्ट बंद होती.