तालमीच्या दारातल्या चपला

राधानगरी रस्त्यावरच्या एका गावात संयोगिता एकोणीस वर्षं आरोग्यसेविका आहे. बायका तिला ‘बाई’ म्हणतात आणि पोरं ‘सुईवाली आली’ म्हणत पळ काढतात. दर सोमवारी ती एक कागद भरते. पंधरा वर्षांच्या आतल्या कुणा मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला आहे का, एवढाच त्यातला प्रश्न. कुणी सापडलं नाही की लिहायचं, ‘निरंक’. त्याआधीची तिची फेरी ठरलेली असे: दोन खासगी दवाखाने, औषधाचं दुकान, अंगणवाडी आणि हाडं बसवणारी धोंडुबाई. तालमीसमोरून ती रोज जायची, पण आत कधी गेली नव्हती. तालमीत बाईमाणूस जात नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कधी कुणाला विचारलं नव्हतं.

गेल्या भाद्रपदात एका सकाळी तिला तालमीच्या दारात क्रांती दिसली. क्रांतीचं बाळंतपण तिच्याच देखरेखीखाली झालेलं, पोराचे सगळे डोस तिनंच दिलेले. क्रांतीच्या हातात त्या पोराच्या निळ्या चपला होत्या.

“काय गं, हितं उभी?”

“आण्णा राजवर्धनला आत घेऊन गेल्यात.” आण्णा म्हणजे तिचे सासरे.

“तीन वर्षाचं न्हाय पोरगं अजून, आत्तापासनं पैलवान करताय व्हय! दात तरी सगळं येऊ देत की त्याचं!”

क्रांती हसली आणि चपला तिनं ओढणीआड घेतल्या. संयोगितानं स्कूटी पुढं काढली. दोन दिवसांनी पुन्हा दिसली, तेव्हा लांबूनच हात केला. त्या सोमवारी कागदावर निरंक गेलं. पुढच्याही सोमवारी गेलं.

मग एकदा अंगणवाडीच्या सलिमानं सहज विषय काढला. “बाई, क्रांतीचा राजवर्धन पंधरवडा झाला फिरकला न्हाई. ताप आलता म्हणं.”

संयोगिता तशीच उठून त्यांच्या घरी गेली. राजवर्धन ओसरीवर बसला होता. तिनं खिशातलं चॉकलेट दाखवलं. पोरगं उठायला म्हणून पुढं झुकलं, डावा पाय सरळ झाला आणि उजवा तिथंच राहिला. तिनं तो पाय उचलून सोडला. तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

“लचक हाय,” आतून आण्णा म्हणाले. “आकाराम वस्ताद चोळतोय की रोज. पैलवानांच्या मोडल्याल्या मांड्या त्यानं उभ्या केल्यात. दवाखान्यात न्हेलं तर नुसतं टोचत्यात.”

“कधीपासनं?”

आण्णांनी क्रांतीकडं बघितलं. क्रांतीनं बोटं मोजली. “गौरी... न्हाय, गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

संयोगितानंही मोजलं. सतरा दिवस. पाय लुळा पडल्यापासून चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने, चोवीस तासांच्या अंतरानं, घेऊन बर्फाच्या डब्यातून मुंबईच्या प्रयोगशाळेत धाडायला हवेत, तरच त्यामागचा विषाणू कोणता ते धड कळतं. चौदाव्या दिवशी ती त्याच रस्त्यानं दोनदा गेली होती.

नमुने घेतले, कोल्हापूरहून डॉक्टर आले, पोराला मोठ्या दवाखान्यात नेलं. प्रयोगशाळेचा कागद पुढं आला तो असा: काही सापडलं नाही. म्हणजे काही नव्हतं असं नाही, एवढं डॉक्टरांनी समजावलं.

पोराला दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी संयोगिता तालमीच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. आत लाल मातीत झटणारी पोरं थबकली. आकाराम वस्ताद अंगावर पंचा टाकून बाहेर आला. साठीचा माणूस, कान मोडलेले.

“बाई, मी चोळलं म्हणून बिघडलं काय?”

“न्हाय वस्ताद, पाय आधीच गेलता. पण तुमच्याकडं असलं पोरगं आलंय, हे मला कळलं न्हाई.”

“तुमी कवा इचारलंसा?”

वस्तादानंच मग तिचा नंबर भिंतीवर कोळशानं लिहून घेतला.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. “बाई, शेजारच्या गावच्या इकबालची पोरगी आणलीया. मेहक. कालपासनं हात वर होईना. मी बोट लावल्यालं न्हाई, पायरीवर बसवून ठेवलीया. या बिगीनं.”

मेहकचे नमुने वेळेत गेले. पोलिओ नव्हता, दुसराच एक विषाणू निघाला, लहान मुलांच्या मज्जारज्जूवर जाणारा. मग दोन्ही गावांत घरोघर माणसं फिरली, तापाची आणखी दोन पोरं वेळेत दवाखान्यात गेली. मेहकचा हात महिन्याभरात डोक्यापर्यंत जाऊ लागला. आता दर सोमवारी संयोगिता तालमीपाशी स्कूटी थांबवते. दारातल्या चपलांत लहान मापाची दिसली की रस्त्यावरूनच ओरडते, “वस्ताद, कोण हाय आत?”

पाय लुळा पडल्यापासून साठाव्या दिवशी राजवर्धनला तपासायला डॉक्टर पुन्हा आले. पोरगं चालत होतं, भिंतीला धरून.

“त्याच्या रोजच्या चपला आणा बघू,” डॉक्टर म्हणाले.

क्रांतीनं निळ्या चपला आणल्या. डावी नव्यासारखी होती. उजवीचा पुढचा भाग फरफटून कागदासारखा झाला होता. डॉक्टरांनी ती उलटी करून पाहिली, लिहून घेतलं आणि गाडीत जाऊन बसले.

“बाई,” क्रांतीनं विचारलं, “मेहकला झालं तेच का ह्याला?”

“असंल, पोरी. पण सांगता येत न्हाय. दिवस होऊन गेलते.”

क्रांतीनं खाली बसून राजवर्धनच्या पायात चपला घातल्या. उजवी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसवताना मान वर न करताच ती म्हणाली, “त्या दिशी तालमीम्होरं तुमी स्कूटी थांबवलीसा न्हवं, तवा मी सांगणारच हुते. तुमी पैलवानाचं बोललासा, मग मला हसूच आलं.”

संयोगिता आपला लशींचा डबा उचलायला म्हणून वाकली, आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.