आतोबांची गाळणी

माझे आतोबा शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. निवृत्त झाल्यावरही एक नियम त्यांनी सोडला नाही: बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घरातला दिवा गेला तरी आधी बल्ब, मग बटण, मग वायर. तोवर आत्याने अंधारात बसायचे.

त्या उन्हाळ्यात आत्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. उष्मा अजिबात सोसायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते आणि आतोबांच्या जुन्या गाडीचा एसी नुसते उसासे टाकत होता. आतेभावाने परस्पर गाडीला गिऱ्हाईक ठरवले. ते रविवारी दुपारी यायचे होते. आत्याला तपासणीला न्यायला तो टॅक्सी सांगणार होता. मात्र ते काम आतोबांना दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचे नव्हते.

रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा ते बॉनेट उघडून उभे होते.

"गॅस संपला असेल," मी म्हणालो.

"असेल-नसेल नको. ही जाड नळी धर."

नळी गारेगार होती, तिला घाम फुटला होता. पुढचा पंखाही नीट फिरत होता.

"म्हणजे थंडी तयार होतेय," आतोबा म्हणाले. "वाटेत अडतेय."

आत बसून त्यांनी हवेचा पंखा पूर्ण वेगाने सोडला. आवाज गिरणीसारखा झाला, पण झरोक्यापुढे धरलेला कागदाचा कपटा जेमतेम हलला. व्हरांड्यातल्या खुर्चीवरून आत्या म्हणाली, "बोलण्यात जोर, कामात नाही. गाडी मालकावर गेलीय."

"तू गप्प बस गं, तुला बोलायची मनाई आहे."

"चालायची मनाई आहे. बोलायची नाही."

आतोबांनी डाव्या बाजूचा कप्पा काढला. त्यामागे हवा गाळणारी कागदी जाळी असते. त्यांनी हात घातला आणि एकाएकी थांबले. बाहेर आली ती चादरीची चौपदरी घडी, धुळीने वाळक्या शेणीसारखी कडक झालेली.

"हे कुणी कोंबलं?" मी विचारले.

आतोबा चष्मा पुसू लागले. उत्तर आत्याने दिले. "आणखी कोण? मला धुळीचा खोकला लागला होता ना, तेव्हा कागदी जाळीवर यांचा विश्वास बसेना. माझ्या चांगल्या चादरीला कात्री लावली."

"खोकला थांबला होता की नाही?" आतोबा म्हणाले.

"थांबला. आता श्वासही थांबवायला निघाला होतात."

जवळच्या दुकानातून मी नवी जाळी आणली. तेवढ्यात आतोबांनी दात घासायच्या ब्रशने आतली धूळ काढून ठेवली होती. गाडी सुरू केली, तर कपटा उडून मागच्या सीटवर पडला.

दुपारी आतेभाऊ आला. त्याने मागे बसून पाहिले. "मागे काही फारसं येत नाही, बाबा."

आत्या तोवर काठी टेकत येऊन पुढच्या सीटवर बसली होती. डोळे मिटूनच ती म्हणाली, "मी पुढे बसते. त्या माणसाला येऊ नको म्हणून कळव."

आतेभावाने वडिलांकडे पाहिले. ते आरसा उगाचच सारखा करत होते. मग तो फोन घेऊन खाली उतरला.