हँडल धर, अख्तरी

“गाडी विकायची म्हणजे विकायची,” करीम म्हणाला. “पिशोरचा बन्सी रविवारी येऊन घेऊन जाईल. मी जबान दिलीय.”

“आणि जुनेदनं बापासाठी एवढ्या हौसेनं घेतली, त्याचं काय?” मेथी निवडता निवडता अख्तरीनं विचारलं. मान वर केली नाही.

“त्याला घे म्हणलं कुणी? बॅटरीची रिक्षा. आवाज नाय, वास नाय, चालू हाय का बंद ते वाकून बघावं लागतं. आन् त्यात आज तू भर पंपावर माझी इज्जत घालवलीस.”

“मी घालवली? लायनीत कोण लागलं होतं?”

आतल्या खोलीत अभ्यास करणारी युसरा पुस्तक टाकून बाहेर आली. “कसली लाईन, अम्मी?”

करीमनं टोपी सारखी केली आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

करीम छत्तीस वर्षं गारखेड्यात रिक्षा चालवत होता. शाळा चौथीत सुटली, तरी जगाचा नकाशा त्याला पाठ होता, तो पेट्रोल पंपावरच्या रांगांमुळं. कुवेतमध्ये लढाई झाली तेव्हा तिथं नोकरीला असलेला त्याचा चुलतभाऊ एका बॅगेनिशी परत आला, तेव्हापासून आखातात कुठं खुट्ट झालं तरी करीम आधी टाकी भरून घ्यायचा. रांगेत त्याचा एक नियम होता. इंजिन बंद ठेवायचं आणि रिक्षा ढकलत न्यायची. पेट्रोलच्या लायनीत पेट्रोल जाळणारा माणूस त्याला बिनडोक वाटायचा. बायको सोबत असली की तो मागून ढकलायचा आणि म्हणायचा, “हँडल धर, अख्तरी.”

मग अख्तरी मागच्या सीटवरून उतरून पुढं बसायची. मुंगीच्या चालीनं का होईना, पंप येईपर्यंत रिक्षा तिच्या ताब्यात असायची. पंप आला की पुन्हा मागं. देशात तेलाची चणचण झाली की सगळे काळजीत पडायचे, अख्तरीला मात्र आतून बरं वाटायचं. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आज सकाळी टीव्हीवर आखातात जहाजं अडकल्याची बातमी होती. दोघं नव्या रिक्षातून बाजाराला निघाले, तर पंपावरची रांग पार चौकापर्यंत आलेली. करीमचे हात आपसूक वळले. रांगेच्या शेपटाला जाऊन त्यानं चावी बंद केली, उतरला, आणि म्हणाला, “हँडल धर, अख्तरी.”

गाडी बॅटरीची आहे, हे तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण तोवर हँडल हातात आलं. तिनं ते घट्ट धरलं.

करीम ढकलत होता आणि मागच्या रिक्षावाल्याला, मोतीरामला, समजावत होता. “आपलं बहुतेक तेल भायेरून येतं, मोतीरामभाऊ. गाड्या वाढल्या, कारखाने वाढले, पन विहीर दुसऱ्याची. तिथली एक चिंचोळी वाट बंद झाली की इथं आपली चूल अन् रिक्षा दोन्ही बंद.”

मोतीरामनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “लई खरं बोललास, करीमभाई. फक्त एक सांग, तुझ्या ह्या गाडीला पेट्रोल वततात कुठून?”

मोतीराम हसायला लागला, त्याच्या मागचा हसला, हसू रांगेतून पंपापर्यंत गेलं. करीम दोन्ही हात रिक्षाला लावून तसाच वाकलेला. तेवढ्यात अख्तरीनं चावी फिरवली, मूठ हलकेच पिळली, आणि आवाज न करता रिक्षा रांगेतून बाहेर पडली. करीमचे हात हवेत राहिले. पुढच्या लिंबाखाली तिनं नीट ब्रेक लावला, वळून बघितलं. अख्खी रांग टाळ्या वाजवत होती. आपल्या छातीत एवढं मोठं हसू मावतं, हे अख्तरीला त्या क्षणी कळलं.

अख्तरीनं हे सगळं सांगितलं, तशी युसरा हसून हसून जमिनीवर बसली. “अब्बा, सगळ्या शहरात तुम्हीच एकटे, ज्यांना लायनीत लागायची गरज नव्हती.”

“हसा. मोतीरामनं आतापर्यंत सगळ्या स्टँडला सांगितलं आसंल.” करीमच्या मिशीखाली काहीतरी हललं, ते त्यानं दाबलं. “तरी गाडी ठेवून करू काय? माझ्या हाताला क्लच लागतो. चालवणार कोन ती?”

अख्तरीनं मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या आणि उठली.

“बन्सीभाईंना फोन करून सांगा, गाडी विकायची नाय. उद्या तुम्ही मला आरटीओत न्यायचं, माझं लायसन काढायला. ते झालं की गाडी मी चालवणार. भाकरी युसरा टाकंल, मेथी तुम्ही फोडणीला टाका.”