अर्ध्या वाटेची बस

बाळांनो, आजोबा गेल्यावर एकटी कशी राहतेस, असं तुम्ही काल फोनवर विचारलंत. तेव्हा दमले होते, म्हणून आज लिहिते.

आजोबा पणजीच्या इस्पितळात होते, तेव्हा मी रोज साखळीहून बसने पेज घेऊन जायचे. कारापूरला एक भाजीवाली चढायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. उतरताना ती म्हशीला थोपटावं तशी बसच्या पत्र्यावर थाप मारी आणि तिचे आभार मानत म्हणे, “देव बरें करूं!” बस थोडीच उत्तर देणार, म्हणून कंडक्टर चिडवायचा, “मावशे, बस कांय जाप दिना गो!”

एकदा बस वाटेतच बंद पडली. डब्यातली पेज निवत होती, आजोबा वाट बघत असणार. तिचीही तांबडी भाजी उन्हाने मलूल झाली होती. तरी उतरताना तिने थाप मारलीच.

मी वैतागून म्हटलं, “आता कशाबद्दल गं?”

“अर्द्या वाटेर तरी हाडलें न्हय, बाये? चल, तिठ्यार दुसरी बस मेळटली.”

आजोबांनी मला अर्ध्या वाटेपर्यंत आणलं. पुढची मी दमतच चालते आहे. बसमधून उतरताना माझा हात मात्र अजून पत्र्यावर पडतो.