तळघरातली दोन रिळं

ज्याने माझ्या भावाच्या हातात खंजिरी दिली, त्या माणसाचं नाव मी घेत नाही. रॉक गाणारा होता, तरी मी त्याला गवईच म्हणते, आणि कौतुकाने तर मुळीच नाही.

दादा ड्रम वाजवायचा. घराच्या मधल्या खोलीत ड्रम, खिडकीला गादी लावलेली, तरी वरच्या मजल्यावरच्या बाई काठीने जमीन ठोकायच्या. "निदान तालात ठोका म्हणावं," असं दादा म्हणायचा. वडील शिंपी. मोठा ड्रम फार घुमू नये म्हणून त्यांनी दुकानातल्या चिंध्या त्याच्या पोटात भरल्या होत्या. गवई रोज संध्याकाळी आमच्याकडे पडीक, जेवायलाही आईच्याच हातचं. अशी सहा वर्षं गेली. दोघांच्या बँडची सगळी गाणी त्याच खोलीत बसली.

मग एका कंपनीने पहिली रेकॉर्ड करायला बोलावलं. दादा स्टुडिओत पोचला, तर दुसऱ्याच वादकाचे ड्रम मांडलेले, माइकसुद्धा लावून झालेले. गवई काचेपलीकडे होता. बाहेर येऊन चार शब्द बोलायला त्याचं काय जात होतं? त्याने बटण दाबलं आणि स्पीकरवरून सांगितलं, "आज तू खंजिरी वाजव. कंपनीचं म्हणणं आहे." खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. दादाने खंजिरी वाजवली, स्वतःच्याच गाण्यांवर. रेकॉर्ड तुफान चालली. आईने गल्लीभर सांगून ठेवलं होतं, त्यामुळे जो तो दादाला अडवून म्हणायचा, "काय ड्रम वाजवलेत हो!" आणि दादा नुसती मान हलवायचा. मी सोळा वर्षांची होते. ती हलणारी मान बघून माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

दादाने बँड सोडला, स्टुडिओ सोडला नाही. वायरी गुंडाळायला म्हणून तिथेच चिकटला. पुढे टेप लावणारा झाला, मग रेकॉर्डिस्ट, मग निर्माता. कान असे की बाहेर कोणाची खुर्ची करकरली तरी टेक थांबवायचा. नवे बँड त्याला टरकून असायचे आणि त्याच्याचकडे यायचे. पंचवीस वर्षांनी तो त्याच कंपनीचा संगीतप्रमुख झाला. तिसऱ्या मजल्यावर खोली, दारावर पितळी पाटी. मला त्याने तळघरात टेपच्या कोठारावर लावून घेतलं. वशिल्यानेच, मी कशाला नाकारू? एवढ्या वर्षांत त्याने गवयाचा विषय काढला नाही. लोकांना वाटलं, विसरला. आमच्या घरात कोणी काही विसरत नाही.

आणि एक दिवस गवई आपल्या पायाने चालत आला. लागोपाठ दोन रेकॉर्डी आपटलेल्या, बँड फुटलेला, केस विरळ झालेले. हातात नवी दहा गाणी. सही करताना "साहेब, साहेब" करत होता म्हणे. दादाने त्याला नकार दिला असता तर तो दुसऱ्या कंपनीत गेला असता. म्हणून दादाने त्याच्याशी करार केला. पाच वर्षं दुसरीकडे रेकॉर्डिंग करायचं नाही, आणि रेकॉर्ड बाजारात कधी आणायची ते कंपनी ठरवणार. पाच वर्षांत नाहीच आली, तर टेप गायकाच्या मालकीची. या धंद्यात माणसाला मारायचं असेल तर त्याला दाराबाहेर ठेवत नाहीत, आत घेऊन दार लावतात.

रेकॉर्डिंग दादाने स्वतः केलं. अडीच महिने गवयाला नुसता पिळून काढला. एकच ओळ एकेचाळीस वेळा गायला लावली. मी काचेआडून बघत होते. गवयाच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा माझ्या जिवाला थंडावा मिळाला. पण बेचाळिसाव्या वेळी तो जे गायला, त्याने माझ्याही अंगावर काटा आला. हे मला त्या दिवशी आवडलं नव्हतं.

काम संपलं तशी दादाने दोन रिळं माझ्यापुढे ठेवली.

"तळाच्या कपाटात ठेव. एकही कॉपी काढायची नाही. मी सांगेपर्यंत कोणाला द्यायची नाही."

"आणि सांगणार कधी?"

"सांगणारच नाही."

मी कुलूप घातलं आणि दोघांसाठी चहा केला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, लग्नातसुद्धा झाला नव्हता एवढा झाला.

गवई आधी दर आठवड्याला फोन करायचा, मग स्वतः येऊन खालच्या बाकावर बसायला लागला. एकदा तळघराच्या जिन्यावर मला गाठलं. "ताई, एवढं तरी सांगा, आहे कुठे ती?"

"ती म्हणजे कोण?" मी म्हटलं.

आईला कळलं तेव्हा ती दादावर बरसली. "अरे, दुसऱ्याला अपशकुन करायला स्वतःचं नाक कापतोयस तू!" आम्ही दोघंही हसलो.

पण दादा दर सोमवारी दुपारी तळघरात उतरायला लागला. कोठारात एक टेपमशीन होतं. तो रिळं लावायचा, डोळे मिटायचा, पुरती ऐकायचा आणि वर जायचा. आधी मला वाटलं, मजा घेतोय. तिसऱ्या वर्षी तो म्हणाला, "यापेक्षा चांगलं काम माझ्या हातून झालं नाही." चौथ्या वर्षी म्हणाला, "होणारही नाही." पाचव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की त्याचे कान झपाट्याने उतरताहेत. बारीक, वरचे आवाज आधी जातील, मग बाकीचे.

तेव्हा त्याला घाई सुटली. करार संपायला आठ दिवस उरले होते. रेकॉर्ड बाजारात आणायला किमान तीन महिने लागणार. तेवढी मुदत वाढवायला गवयाची सही हवी होती. दादाने स्वतः फोन लावला. मी समोरच होते.

"तुझी रेकॉर्ड काढतोय. सही करून जा."

पलीकडून गवयाचा आवाज मलाही ऐकू आला. "मी आठ दिवस थांबतो."

नवव्या दिवशी सकाळी दहाला तो हजर. खांद्यावर पिशवी, हातात कराराचा कागद. मी रजिस्टर पुढे सरकवलं, त्याने सही केली. मी रिळं आणून ठेवली.

"कुठल्या कंपनीला देणार?" मी विचारलं.

"कोणालाच नाही, ताई." घशात खरखर होती. "पाच वर्षं हॉटेलांत ओरडून पोट भरलं. आवाज गेला. ही बाहेर आली तर लोक म्हणतील, असंच गाऊन दाखव. कुठून दाखवू?"

तेवढ्यात दादा जिना उतरून आला. धाप लागली होती. त्याने आधी रिळांकडे बघितलं, मग गवयाकडे.

"एकदा ऐकू दे," तो म्हणाला. "इथेच. मग घेऊन जा. मला अजून ऐकू येतंय तोवर एकदा."

गवयाने रिळं पिशवीत ठेवली, चेन ओढली.

"नाही," तो म्हणाला आणि जिना चढून गेला.

दादा मशीनसमोरच्या खुर्चीत बसला. तासभर बसून होता. त्याच्यासाठी माझं काळीज तुटत होतं, माझा सख्खा भाऊ तो. पण गवयाच्या जागी मी असते, तर मीही नाहीच म्हटलं असतं.