दार उघडं होतं

वरच्या कार्यालयाचं परिपत्रक फळ्यावर लागलं की आमचे पोस्टमन येसूअण्णा चौगुले ते खड्या आवाजात वाचायचे आणि एकेका कलमाला तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. समोर बचतखात्याची रांग असो नाहीतर स्पीड पोस्टची, त्यांना त्याचं काही नसे. "'सर्व टपालाचे वाटप त्याच दिवशी व्हावे.' करतो की! माणसं द्या. 'पोस्टमनने गणवेशात नीटनेटके असावे.' कापड कवा धाडतासा? 'प्रत्येकाने विम्याचे उद्दिष्ट पूर्ण करावे.' आता टपाल वाटू, का माणूस कवा मरणार म्हणून दारोदार इचारत हिंडू?" रांगेतली माणसं खो खो हसायची. मी काउंटरमागून "अण्णा, हळू" म्हणायचे. ते वळून आणखी मोठ्यानं म्हणायचे, "हळू कशाला? सायबाला हितनं ऐकू गेलं पायजे."

मी त्या ऑफिसची पोस्टमास्तर होते. कोल्हापूरच्या कडेचं ऑफिस. एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला रोज उगवणाऱ्या अपार्टमेंट. अण्णा उंच, काटक, उन्हानं रापलेले. मला एरवी 'ताई' म्हणायचे आणि चिडले की 'मॅडम'. मॅडम म्हटलं की मी मनातल्या मनात पदर खोचून तयार राहायचे. टपाल लावताना त्यांना घरनंबर लागत नसे, घरं त्यांनी कुत्र्यांवरून पाठ केली होती. "हे काळं, हे नुसतं भुंकतंय, आन् हितं नवीन आणलंय, गेटातनंच हाक मारायची." नव्या बदली माणसालाही ते हाच नकाशा शिकवायचे, आणि गंमत म्हणजे तो उपयोगी पडायचा.

मी आले तेव्हा तीन बिटांना, म्हणजे वाटपाच्या तीन भागांना, तीन पोस्टमन होते. एक निवृत्त झाला, एकाची बदली झाली, आणि दोन्ही जागा तशाच राहिल्या. मी पत्रं लिहायचे, वरून उत्तर यायचं, 'उपलब्ध मनुष्यबळात काम भागवावे.' तिन्ही बिटं अण्णांच्या गळ्यात पडली. दुसरा कोणी असता तर अंधार पडेपर्यंत राबला असता आणि शाबासकी घेऊन गप्प बसला असता. अण्णा दिवसभर चालून जेवढं होईल तेवढं चोख करायचे आणि उरलेला गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. "हे ऱ्हायलं. का ऱ्हायलं ते बी लिवा. एकट्यानं भागवून दाखवलं की वरचा म्हनतोय, भागतंय न्हवं? मग दुसरा माणूस कशाला? आपुन मरायचं आन् त्यानं पेढं खायाचं, हे आपल्याच्यानं व्हनार न्हाय."

खेड्यापाड्यांतल्या डाकसेवकांसाठीही ते असेच भांडायचे. त्यांना पगार कागदावरच्या चार-पाच तासांचा आणि काम दिवसभराचं, वर पेन्शन नाही. अण्णा स्वतः कायम नोकरीत होते, पण डाकसेवकांचं धरणं असलं की रजा टाकून पहिल्या ओळीत बसायचे. एकदा वरिष्ठांपैकी कोणीतरी विचारलं, "चौगुले, तुमचा काय संबंध?" अण्णा म्हणाले, "माझं टपाल जिथं संपतंय तिथनं त्याचं सुरू हुतंय. त्यो उपाशी पळायला लागला तर पत्र पोचंल व्हय?" मला त्यांचा अभिमान वाटायचा आणि भीतीही वाटायची. माझी स्वतःची बंडखोरी मात्र 'विनंती' शब्दापलीकडे कधी गेली नाही.

मग वाटपाची नोंद मोबाईलवर आली. दुपारनंतर वरून फोन सुरू व्हायचे, "मॅडम, तुमचं पेंडिंग किती? आज शून्य पाहिजे." न वाटलेल्या प्रत्येक पत्राला कारण निवडायचं असे. दार बंद, पत्ता अपुरा, घेण्यास नकार, अशी यादी पडद्यावर यायची. अण्णांनी ती यादी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बोटानं वर-खाली करत राहिले. "ताई, ह्यात 'पोस्टमन न्हाय' हे कुठं हाय?" ते कुठेच नव्हतं. विभागीय कार्यालयातल्या साहेबांचा सल्ला सोपा होता. उरलेल्या सगळ्यांना 'दार बंद' मारा, पेंडिंग शून्य होतं, उद्या पुन्हा न्या. आजूबाजूची बरीच माणसं तेच करत होती. अण्णा करत नव्हते, म्हणून आमच्या ऑफिसचा आकडा रोज लाल यायचा आणि बोलणी मला खावी लागायची.

एका शुक्रवारी मी थकले. दुसऱ्या दिवशी तपासणीची बैठक होती. मी अण्णांसमोर अक्षरशः हात जोडले, "एवढे दोन दिवस, अण्णा. माझ्यासाठी." त्यांनी उरलेला गठ्ठा ओढला आणि एकेका पाकिटाला 'दार बंद' निवडत गेले. शनिवारीही तसंच केलं. आमचा आकडा हिरवा झाला आणि साहेबांनी बैठकीत माझं कौतुक केलं.

मंगळवारी सकाळी रफिकभाई आले. आमच्याच हद्दीतले शिंपी. त्यांचं शिलाई मशीन घराच्या उंबऱ्याला लागून, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माणूस तिथून हलत नाही. त्यांची मुलगी सलमा नर्सिंग शिकून नोकरीच्या प्रतीक्षेत होती. सरकारी दवाखान्यातल्या भरतीचं पत्र तिला सोमवारी दुपारी मिळालं होतं, आणि कागदपत्रांची तपासणी होती सोमवारी सकाळी. पाकिटावर आमचे दोन शेरे होते. शुक्रवार, दार बंद. शनिवार, दार बंद. रफिकभाईंनी ते काउंटरवर ठेवलं. आवाज चढवला नाही.

"अण्णा, माझं दार बंद हुतं म्हनं? ह्या मशिनीसकट मी कुठं गेलतो?"

मला वाटलं, अण्णा आता माझ्याकडे बोट करतील, आणि केलं असतं तर ते योग्यच होतं. ते रफिकभाईंसमोर जाऊन उभे राहिले. "दार उघडं हुतं. मी आलोच न्हवतो तुमच्याकडं. माझ्या हातानं खोटं लिवलंय." मग कोरा कागद घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. पत्र शुक्रवारीच ऑफिसात आलं होतं. तीन बिटांना मी एकटा असल्यामुळे ते वाटलं गेलं नाही. 'दार बंद' हा शेरा खोटा आहे. उमेदवाराची यात काही चूक नाही. खाली पूर्ण नाव आणि हुद्दा. "हे घेऊन सलमाला आत्ताच्या आत्ता तिथं पाठवा," ते म्हणाले, "न्हायतर चला, मी बी येतो." आणि टोपी घालून खरंच गेले.

त्या कागदाचा अर्थ मला नीट कळत होता. खोटा शेरा मारला हे स्वतःच्या सहीनं कबूल करणं म्हणजे सरळ कारवाई, आणि अण्णांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. छत्तीस वर्षांत त्यांच्या नावावर एक डाग नव्हता. आठवड्याभरात साहेब स्वतः आले. माझ्या खोलीत दार लावून समजुतीनं बोलले. "चौगुले, तेवढा कागद मागे घ्या. गडबडीत लिहिलं म्हणा. दार बंदच होतं म्हणा. आमच्याकडून विषय संपला."

"आन् त्या पोरीचं?"

"तिचं तिचे लोक बघतील."

"मग दार उघडंच हुतं, सायेब," अण्णा म्हणाले. "माझं आठ म्हैनं ऱ्हायल्यात, तिची अजून सुरुवात बी न्हाय. आन् खोटा काय ह्यो एकच शेरा न्हाय. रोज संध्याकाळी अख्ख्या जिल्ह्याची दारं बंद हुत्यात, तुमाला खरं वाटतंय व्हय?"

साहेबांनी फाईल उचलली आणि चौकशी लागली.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. सलमाला अण्णांच्या कागदावर दुसरी तारीख मिळाली आणि ती नोकरीला लागली. अण्णांची शेवटची वेतनवाढ रोखली गेली, पण पेन्शनला कोणाला हात लावता आला नाही. दोन रिकाम्या जागांपैकी एक भरली, दुसरी अजून तशीच आहे. निवृत्तीनंतरही डाकसेवकांच्या धरण्यात अण्णा पहिल्या ओळीतच असतात, फक्त आता रजा टाकावी लागत नाही. माझी बदली आजऱ्याला झाली. कारण चौकशीत माझाही जबाब झाला.

त्या दिवशी विभागीय कार्यालयाच्या व्हरांड्यात अण्णा बाकावर बसले होते आणि मला आत बोलावलं. आत जाताना ते एवढंच म्हणाले, "ताई, तुमी काय बोलू नगासा. तुमची अजून धा वर्सं हाईत." चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, शेरा कर्मचाऱ्यानं स्वतःच्या मनानं मारला का? 'हो' म्हटलं असतं तर मी दहा मिनिटांत बाहेर पडले असते. मी म्हणाले, "नाही. मी सांगितलं होतं. आणि मला रोज वरून फोन येत होते. कुठल्या दिवशी, किती वाजता, ते मी लिहून ठेवलंय." त्यांनी मान वर केली. "हे जबाबात घ्यायचं का, मॅडम? नीट विचार करा." मी म्हटलं, "घ्या. शब्दाला शब्द घ्या, मी वाचून सही करणार आहे." इतकी वर्षं सौम्य पत्रं लिहिणाऱ्या माझा तो आवाज मला स्वतःलाही ओळखू आला नाही.

बाहेर आले तेव्हा अण्णांना सगळं कळलेलं होतं. त्या पातळ दारातून काहीही ऐकू येतं. ते भडकले होते. "मॅडम, काय गरज हुती? मी एकटा बास हुतो की!"

मीही चिडले. "एकट्या माणसानं भागत नाही, असं तुम्हीच गेली कित्येक वर्षं बोंबलताय ना? माणसं द्या, माणसं द्या. आता मिळालं एक, तर नको म्हणताय?"

अण्णांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला आणि साहेबांच्या खिडकीखाली मुद्दाम थांबून, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "खरं हाय, ताई. आता दोघं झालो. आता भांडाय मजा येतीया."