खोकला कधीपासून आहे?

आमच्या उपकेंद्रात औषधं अधूनमधून संपतात, किस्से मात्र कधीच संपत नाहीत. सुप्याजवळच्या या गावात मी नर्सिंग शिकून आले ती टीबी हटवायचाच, या जिद्दीने. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की तपासून घ्या. रक्त पडलं किंवा दम लागला तर तेवढंही थांबू नका. इतकी साधी गोष्ट. पण ती पटवता पटवता माझाच घसा बसला.

पहिल्याच आठवड्यात एक मामा आले.

"खोकला कधीपासून आहे?"

"कांदा काढला तवापासून."

लाल कांदा हिवाळ्यात निघतो, गावरान उन्हाळ्यात. मधल्या काळात फुप्फुसाचं काय व्हायचं ते होऊन जातं. हल्ली मी कॅलेंडर बघतच नाही, थेट विचारते, "लाल का गावरान?"

एमआयडीसीत कामाला जाणारा एक पोरगा मेडिकलमधून दर पगाराला खोकल्याच्या औषधाची नवी बाटली आणायचा.

"आत्तापर्यंत काय काय घेतलंस?"

"लाल झालं, हिरवं झालं. आता पिवळं चालूय."

"आणि डॉक्टरकडे कधी जाणार?"

"रंग संपल्यावर, मॅडम."

ग्रामसभेत मी जोरदार भाषण ठोकलं. बोलताना मागून इतका खोकला येत होता की माझंच मला ऐकू येईना. शेवटी विचारलं, "दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कुणाकुणाला आहे?"

सभेत शांतता. एक हात वर नाही, एक खोकला नाही. पुढं बसलेले आजोबा लालबुंद झालेले.

शेजारची आजी म्हणाली, "ताई, सवाल माघारी घे. सगळी दम कोंडून बसल्यात. एखादा आत्ताच जायाचा."

माझा सगळ्यात मोठा पराभव म्हणजे हिराकाकू. त्यांच्या दारावरून गेलं की आतून खोकला ऐकू यायचा. अंग वाळलेलं, संध्याकाळी कणकण. मी कितीदा हात जोडले, शेवटी भांडलेसुद्धा. त्यांचं एकच उत्तर, "धुराचा खोकला हाय गं. चूल सुटली की जाईल." तपासणीची डबी हातात घ्यायलाही तयार नाहीत.

मग एक दिवस त्यांचे मालक, दगडूनाना, आपणहून उपकेंद्रात आले. त्यांनाही खोकला होता. मी खूश! बेडका तपासायची डबी त्यांच्या हातात दिली. "सकाळी उठल्या उठल्या खोल खोकून यात बेडका आणा. नुसती थुंकी नको."

दुसऱ्या दिवशी डबी आली. रिपोर्ट आला. टीबी निघाला.

मी घरी गेले. नाना ओट्यावर भाकरी खात होते, काकू आत चुलीपाशी. मी नानांना धीर दिला, औषध फुकट आहे, पूर्ण घेतलं की बरं होतं, घाबरू नका.

नानांनी हातातला घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाले, "ताई, ते माझं न्हाई."

"म्हणजे?"

"लई खोकलो, पन काय येईनाच. कोरडाच खोकला माझा."

"मग डबीत कुणाचं होतं?"

नानांनी आत बघितलं. आतून काकूंचा खोकला आला, आणि त्यामागून आवाज.

"मीच दिलं भरून. तू एवढी डबी दिलीस, ती रिकामी कशी धाडायची माघारी?"